व्हय म्हाराजा, आणि एक ‘नाका’

भजनी सप्ताहात रात्री दोन ते चारचा पार कुणालाच नको असतो. संध्याकाळचा सगळ्यांना हवा. तेव्हा मंडप भरलेला असतो, बायाबापड्या ऐकायला बसलेल्या असतात, चहा वेळेवर येतो आणि पखवाजासाठी दोघे-तिघे टपून असतात. रात्री दोनला समईजवळ चौघे उरतात. एक पेटीवर, एक पखवाजावर, दोघांच्या हातात टाळ. भजन तुटता कामा नये, हा तर नेम.

मी बरीच वर्षं संध्याकाळच्या पारात टाळ धरून बसलो आणि स्वतःला बऱ्यापैकी गाणारा समजत आलो. एका वर्षी दोनचा पार वाट्याला आला, आणि पहिल्याच अभंगाच्या पालुपदाला कळलं की गेली आठ-दहा वर्षं मी गातच नव्हतो. ओठ हलत होते, एवढंच. आवाज शेजारच्याचा होता, आणि शेजारच्यालाही बहुधा तो माझाच वाटत असावा. चौघांत मात्र लपायला जागा नव्हती. मी दम घेतला की मंडपात भोक पडल्यासारखं व्हायचं. चार वाजता पुढचा पार आला तेव्हा घसा पार बसला होता, आणि म्हातारे पेटीवाले काका म्हणाले, “आज खंय तुझो आवाज आयकलो.”

घोळक्यातल्या माणसाबद्दलचं हे पुस्तक त्या रात्री सुचलं असं लिहिलं तर छान दिसेल, पण ते खरं नाही. तेव्हा मला फक्त झोप येत होती. पुष्कळ वर्षांनी मानसशास्त्राच्या एका जाडजूड ग्रंथात माक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याचं नाव वाचलं आणि दोनचा पार आठवला. रिंगेलमानला माणसाच्या मनाशी फारसं देणंघेणं नव्हतं. शेतीच्या कामात माणूस, जनावर आणि यंत्र यांच्याकडून किती काम निघतं, हे त्याला मोजायचं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याने माणसांना दोर ओढायला लावलं आणि प्रत्येकाचा जोर मोजला. 1913 मध्ये छापलेल्या त्याच्या आकड्यांप्रमाणे दोघे मिळून ओढत तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्याच्या जोराच्या 93 टक्के भरे, तिघांत 85 टक्के, आणि आठ जण झाले की 49. म्हणजे आठ माणसांत जेमतेम चार माणसांचं काम. ताल न जुळल्यामुळे असं होत असेल, असं त्याला वाटलं. एक ओढतो तेव्हा दुसरा दम घेतो. त्यात तथ्य होतं. पण 1974 मध्ये ॲलन इंगम आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तुमच्या मागे आणखी माणसं ओढताहेत असं सांगितलं, आणि खरं तर एकट्यालाच ओढू दिलं. ताल चुकायला दुसरं कुणी नव्हतंच, तरी जोर कमी पडला. 1979 मध्ये बिब लाताने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोराऐवजी टाळ्या आणि आरोळ्या घेतल्या. घोळक्यात प्रत्येकाचा आवाज बारीक झाला. आमच्या संध्याकाळच्या पाराचा तो अगदी सख्खा भाऊ.

आपल्याकडे यासाठी शब्द आहे: अंग चोरणे. शास्त्रीय संज्ञेपेक्षा मला तो नेमका वाटतो, कारण या चोरीचा पत्ता बहुतेक वेळा चोरालाही नसतो. मी त्या आठ-दहा वर्षांत एकदाही ठरवून गप्प बसलो नव्हतो.

पण एवढ्यावर थांबलो तर घोळका म्हणजे आळसाचं माहेर असं ठरेल, आणि गोव्याच्या पेडणे-डिचोलीत वाढलेला कुणी ते मान्य करणार नाही. इथे जत्रा आहे आणि जत्रेला नाटक आहे. ज्याला अभ्यासक उत्सवी रंगभूमी म्हणतात ती आमच्यासाठी देवळासमोरचा मांडव, वर्गणीची वही आणि महिनाभराच्या तालमी. शाळेतले मास्तर, बसचा कंडक्टर, काजूची बागायत असलेला शेजारी, सगळे एका रात्रीपुरते राजे आणि प्रधान होतात. माझ्या वाट्याला कायम प्रॉम्प्टिंग आलं. विंगेत कंदिलाएवढ्या उजेडात वही धरून बसलं की माणसं फार जवळून दिसतात. तालमीत अडखळत, पडेल आवाजात बोलणारा एखादा जुना नट पडदा उघडताच दुप्पट उंच व्हायचा. समोर सगळा गाव बसलाय हेच त्याचं खाणं. आणि तालमीत पाठांतर बिनचूक म्हणून दाखवणारा नवा पोरगा तोच गाव पाहून पहिल्या वाक्याला गार व्हायचा. गाव तोच, दिवे तेच, एकाला पंख आणि दुसऱ्याला लकवा. असं का?

या प्रश्नाने अभ्यासकांनाही बरीच दशकं दमवलं. नॉर्मन ट्रिपलेटने 1898 मध्ये सायकलच्या शर्यतींचे आकडे तपासून दाखवलं की एकट्याने घड्याळाशी झुंजणाऱ्यापेक्षा सोबत कुणी असलं की स्वार वेगात जातो. मग त्याने मुलांना गळाची फिरकी फिरवायला देऊन तेच पडताळून पाहिलं. काही मुलं वेगात आली, काही उलट गडबडली. पुढे कधी माणसांच्या सोबतीने काम सुधारलं असं निघायचं, कधी बिघडलं असं. 1965 मध्ये रॉबर्ट झायन्सने गाठ सोडवली. त्याचं म्हणणं असं की चारचौघांपुढे माणूस चेततो, आणि चेतलेल्या माणसाकडून जे अंगवळणी पडलेलं असतं तेच जोरात बाहेर येतं. हातखंडा असेल तर हातखंडा, कच्चं असेल तर कच्चेपण. आपलं म्हणणं किती मुळाशी जातं हे पाहायला त्याने 1969 मध्ये चक्क झुरळांना झुरळांपुढे पळवलं. प्रेक्षक झुरळं असताना सरळ वाटेवर झुरळ वेगाने पळालं, वळणावळणाच्या वाटेत मात्र जास्त चाचपडलं. आमच्या नव्या पोराला हे सांगितलं असतं तर त्याला किती धीर आला असता, देव जाणे.

दशावतारात या दोन्ही गोष्टी एकत्र भेटतात, म्हणून त्याला पुस्तकात एक सबंध प्रकरण दिलं आहे. पेडण्याच्या काल्यांना, म्हणजे दशावतारी जत्रांना, वेंगुर्ले-सावंतवाडीकडच्या कंपन्या येतात. त्यांच्याकडे संहिता नसते. आज कोणतं आख्यान लावायचं हे ठरतं, कोण काय होणार ते वाटून घेतात, आणि तोंडाला रंग लावता लावता प्रवेश कसे जायचे याची बोलणी होतात. मग रात्रभर जे संवाद होतात ते तिथल्या तिथे. समोरच्याने टाकलेला शब्द झेलायचा, परतवायचा. पायपेटीवाला आणि मृदंगवाला यांनी त्याला धरून राहायचं. या कलावंतांबद्दल एक जुनी म्हण आहे, रात्री राजा आणि सकाळी डोक्यावर बोजा. मला त्यात गरिबीइतकीच दुसरीही गोष्ट दिसते. राजा असताना तो एकटा राजा असतो. त्याचं वाक्य दुसरं कुणी म्हणणार नाही, आणि ते पडलं तर कुणामुळे पडलं हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही कळतं. प्रत्येकाचा वाटा वेगळा ओळखू येणार असेल तर घोळक्यातला अंगचोरपणा जवळजवळ नाहीसा होतो, असं लातानेच्या मंडळींनी पुढे दाखवलं. दशावतारी कंपनीला ते सांगावं लागलं नसतं.

*

कामाचं हे झालं. निर्णयाची गोष्ट जास्त अवघड, कारण तिथे जोर मोजायला दोर नसतो.

गोव्यात सामूहिक निर्णयाचा विषय निघाला की गावकरीपाशी, म्हणजे गावकारांच्या जुन्या ग्रामसंस्थेपाशी, जावंच लागतं. तिचं सर्वांत प्रसिद्ध जुनं लेखी रूप म्हणजे आफोंसो मेशियाने 1526 मध्ये तयार केलेलं फोराल. ते जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या, गावांचं. पेडणे पोर्तुगीजांकडे गेलं ते 1788 मध्ये, डिचोली त्याच्या थोडं आधी. त्यामुळे इथला इतिहास वेगळा, जमिनीच्या मालकीचे तिढे वेगळे. तरी गावकरीच्या बैठकीचा एक नियम माझ्या डोक्यातून जात नाही. अभ्यासकांनी नोंदवलं आहे की तिथे ठराव एकमताने होत आणि एका गावकाराने ‘नाका’ म्हटलं की तो अडत असे. मराठी वाचकाला नाका म्हटलं की जकात आठवेल. कोंकणीत त्याचा अर्थ साधा, नको. तसं पाहिलं तर दोन्ही नाके गाडी थांबवण्यासाठीच.

या व्यवस्थेचे गोडवे गायची मला घाई नाही. बैठकीला बसणार गावकार, तेही पुरुष. कुळं नाहीत, बायका नाहीत, गावाच्या कडेला घरं असलेले तर नाहीतच. शिवाय एका ‘नाका’ने सगळं अडणार असेल तर तो म्हणू पाहणाऱ्यावर आदल्या रात्री काय काय दडपण येत असेल याची कल्पना करता येते. पण नियम करणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती. एकट्याचा विरोध हा आपोआप टिकणारा पदार्थ नाही. त्याला वेगळं भांडं लागतं.

किती सहज तो विरघळतो हे सॉलोमन ॲशने 1950 च्या दशकात दाखवलं. एका खोलीत काही माणसं बसवायची, एक रेघ दाखवायची, आणि शेजारच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती ते एकेकाला मोठ्याने विचारायचं. काम इतकं सोपं की एकट्याने केलं तर शंभरात एकही चूक व्हायची नाही. पण खोलीत खरा पाहुणा एकच. बाकीचे ॲशने शिकवून बसवलेले. ते सगळे सरळ चेहऱ्याने चुकीची रेघ सांगत. पाहुण्याची पाळी आली की शंभरातल्या सदतीस वेळा तोही तीच चूक सांगे. चारांतले तीन जण निदान एकदा तरी झुकले. चौथा मात्र शेवटपर्यंत डोळ्यांना दिसलं तेच सांगत राहिला. पाठ्यपुस्तकं पहिल्या तिघांबद्दल भरभरून लिहितात. मला या चौथ्याबद्दल जास्त कुतूहल आहे. आणि त्याहून जास्त ॲशच्या पुढच्या प्रयोगाबद्दल: शिकवलेल्यांपैकी फक्त एकाने बरोबर उत्तर दिलं, की पाहुण्याचं झुकणं एकदम ओसरायचं. फार मोठा गट पाठीशी लागत नाही. एक पुरतो.

आता आमच्याकडची बैठक. देवळात गाऱ्हाणं घालतात ते वाचकांनी ऐकलं असेल. एक जाणता माणूस देवापुढे उभा राहून गावाच्या वतीने मागणं मागतो, आणि प्रत्येक वाक्यानंतर सगळे म्हणतात, “व्हय म्हाराजा!” ऐकताना अंगावर काटा येतो. गावाचा एक गळा झाल्यासारखं वाटतं, आणि तिथे तसंच वाटायला हवं. पंचाईत अशी की तोच गळा घेऊन माणसं पुढे समितीच्या बैठकीला येतात. “कुणाची हरकत आहे?” असं विचारतात, तीन सेकंद थांबतात, आणि वहीत ‘सर्वानुमते’ लिहून होतं. ‘न्हय म्हाराजा’ असा प्रतिसादच आपल्या कानांना परिचयाचा नाही.

अशाच एका बैठकीत, गावाचं नाव कशाला घ्या, जत्रेला नाटक न लावता ऑर्केस्ट्रा आणायचं ठरलं. जाणत्यांना वाटलं, पोरांना आता नाटक नको. पोरांना वाटलं, जाणत्यांनीच विषय काढला म्हणजे त्यांची हौस दिसते. खजिनदाराला खर्च परवडत नव्हता, पण एवढ्या उत्साहात आपण कशाला मिठाचा खडा टाका. मीही हात वर केला. दोन महिन्यांनी रात्री दीड वाजता, कानठळ्या बसलेल्या अवस्थेत, मागच्या माडाखाली उभ्या असलेल्या सात-आठ जणांत हळूहळू उघड झालं की हे कुणालाच नको होतं. जेरी हार्वी या अमेरिकन प्राध्यापकाने 1974 मध्ये अगदी असाच किस्सा लिहिला आहे. भर उन्हाळ्यात टेक्सासमधलं एक कुटुंब 53 मैलांवरच्या ॲबिलीन गावी जेवायला जातं आणि परतल्यावर कळतं की जायचं कुणालाच नव्हतं. हार्वीने त्याला ॲबिलीनचा पेच म्हटलं आणि जगभर नाव कमावलं. आम्ही ऑर्केस्ट्राचं उरलेलं बिल भरलं.

बैठकीत खरोखरच दोन तट पडले तर आपल्याकडे आणखी एक वाट आहे: कौल. मूर्तीला कळे लावायचे, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवा पडला की होकार. शिकलेली मंडळी यावर हसतात. मला हसू येत नाही. ज्या गावात हरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जिंकणाऱ्याच्याच विहिरीवर जायचं आहे, तिथे कुणीच हरलं नाही अशी सोय करणं हे काही खुळेपण नव्हे. माझी शंका वेगळी आहे. उत्तर देवाचं, कबूल. पण प्रश्न कुणाचा? तो कोणत्या शब्दांत विचारायचा हे आधीच चारजणांनी ठरवलेलं असतं.

पावणीचं प्रकरण याच्या नेमकं उलट, आणि लिहिताना मला सर्वांत मजा आली ती त्यात. देवाला वाहिलेली केळी, नारळ, भाज्या यांचा सार्वजनिक लिलाव म्हणजे पावणी. बाजारात ज्याला गिऱ्हाईक घासाघीस करून घेईल तो नारळ तिथे ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं अशा किमतीला जातो. फ्रान्सिस गाल्टनने 1907 मध्ये इंग्लंडच्या प्लिमथमधल्या एका पशुप्रदर्शनाचा हिशोब छापला होता. बैल कापून साफ केल्यावर वजन किती भरेल ते ओळखायचं होतं. 787 चिठ्ठ्या हिशोबात धरल्या. त्यांतला मधला अंदाज 1207 पौंड, खरं वजन 1198. घोळका एवढा शहाणा ठरला, कारण प्रत्येकाने आपली चिठ्ठी गुपचूप लिहिली होती. पावणीत चिठ्ठी नसते, आरोळी असते. प्रत्येकाला मागचा आकडा ऐकू येतो, तो कुणी लावला हेही दिसतं, आणि दोन बोलींनंतर नारळाचा संबंध संपून घराण्याचा सुरू होतो. देवस्थानाचा फायदा होतो, म्हणून कुणाची तक्रार नाही. हीच रीत जमिनीच्या भावाला लागली की काय होतं, ते मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडण्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

*

गोव्याने घेतलेला सर्वांत मोठा सामूहिक निर्णय 16 जानेवारी 1967 चा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं? फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळेपण. दोन पानांना 1,72,191 मतं पडली, फुलाला 1,38,170, फरक 34,021. विलीनीकरणाचे सर्वांत मोठे नेते, पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, जन्माने पेडण्याचे, आणि पेडणे-डिचोलीने कौल दिला तो फुलाला. आमच्या घरात अजूनही हा विषय जेवताना काढत नाहीत.

मी इथे त्या वादात पडणार नाही. कोण बरोबर होतं हे ठरवायला हे पुस्तक नाही. मला त्यात दिसतं ते वेगळं. एका मताची माणसं आपापसांत बोलत राहिली की त्यांचं मत मध्यावर येत नाही, आणखी टोकाला जातं. मोस्कोव्हिची आणि झाव्हालोनी यांनी 1969 मध्ये फ्रेंच विद्यार्थ्यांवर हे पाहिलं: द गॉलबद्दल मुळात बरं मत असलेले गटचर्चेनंतर त्याचे जास्तच चाहते झाले, अमेरिकनांबद्दल नाखूश असलेले जास्तच नाखूश. त्याच्या दोनच वर्षं आधी गोव्याच्या बाजारांत आणि देवळा-चर्चांच्या अंगणांत हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला होता, फक्त कुणी वही घेऊन बसलं नव्हतं. पेडण्याच्या बाजारात दोन पानांची बाजू उघडपणे घेणं सोपं नसणार, तसंच दक्षिणेकडच्या सासष्टीत फुलाची. म्हणून मला ओढ वाटते ती आपल्या घोळक्याच्या हिशोबात न बसणाऱ्यांची. बा. भ. बोरकर मराठीतले एवढे मोठे कवी, पण ते विलीनीकरणाच्या विरोधात उभे राहिले. विलीनीकरणाविरुद्ध सर्वांत धारदार लिखाण करणारं दैनिक ‘राष्ट्रमत’, आणि ते मराठीत निघे. आपलाच माणूस ‘नाका’ म्हणतो तेव्हा त्याचा राग परक्याच्या विरोधापेक्षा जास्त येतो. पण विचार करायला लावतो तोही तोच.

आणि त्या गोष्टीची शेपूट. कौल होऊन अडीच महिनेही झाले नव्हते तोच विधानसभेची निवडणूक झाली, आणि ज्या मतदारांनी विलीनीकरण नाकारलं त्यांनीच विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला 30 पैकी 16 जागा देऊन बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केलं. बाहेरचे लोक याला विसंगती म्हणतात. मला ती वाटत नाही. प्रश्न बदलला की घोळकाही बदलतो. जानेवारीत माणूस गोंयकार म्हणून रांगेत उभा होता, मार्चमध्ये कूळ, मजूर किंवा शाळेत जाणाऱ्या पोरीचा बाप म्हणून.

खाणींबद्दल थोडक्यात लिहिलं आहे, आणि ते जाणूनबुजून. डिचोलीतल्या ज्या घरांत ट्रक होता आणि ज्या घरांची शेतं खाणीच्या गाळाखाली गेली, ती घरं कधी कधी एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होती. क्वचित एकच घर होतं. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. या काळात ग्रामसभेत उभं राहून गावाच्या पोटाविरुद्ध बोलणाऱ्याला काय किंमत मोजावी लागली, हे ज्यांनी मोजली त्यांनीच लिहावं. ॲशच्या खोलीतून पाहुणा तासाभराने घरी जात होता.

*

शेवटचं प्रकरण डिचोलीतल्या शिरगावचं. ते दोनदा लिहावं लागलं.

पहिला मसुदा श्रीदेवी लईराईच्या जत्रेतल्या एकतानतेवर होता. वैशाख शुद्ध पंचमीला हजारो धोंड, म्हणजे देवीचे भक्त, व्रत पाळून, हातात वेताची काठी घेऊन येतात, तळीवर आंघोळ करतात आणि उत्तररात्री होमखणाच्या निखाऱ्यांवरून चालत जातात. एकट्याला कुणी म्हणालं, जा या विस्तवावरून, तर तो वेड्यात काढेल. स्पेनमधल्या सान पेद्रो मानरिके या गावातही निखाऱ्यांवरून चालायची रीत आहे. इवाना कोनवालिंका आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि 2011 मध्ये प्रसिद्ध केले. चालणारा आणि काठावर उभे असलेले त्याचे आप्त-मित्र यांच्या ठोक्यांची लय जुळत गेली. नुसते बघे म्हणून आलेल्या परक्यांची जुळली नाही. मी शिरगावला काठावर उभा राहिलो आहे, ओळखीचा धोंड पुढे आला की छातीत काय होतं ते मला माहीत आहे. या मसुद्यावर मी खूश होतो.

मग 3 मे 2025 ची पहाट झाली. जत्रेत चेंगराचेंगरी झाली, सहा जणांचा त्या पहाटेच मृत्यू झाला, कित्येक जखमी झाले. तो मसुदा मी परत वाचू शकलो नाही.

चौकशी व्हायची ती झाली, दोष कुणाचा हे सांगणं माझं काम नाही. पण अशा प्रत्येक प्रसंगानंतर ‘लोक घाबरून सैरावैरा धावले’ हे वाक्य छापून येतं, त्याबद्दल लिहिणं माझं काम आहे. 1895 मध्ये गुस्ताव ल बाँने गर्दीत माणूस अक्कल गमावतो असं लिहून ठेवलं, आणि ते आपल्या जिभेवर बसलं आहे. गर्दीचा अभ्यास करणारे आज वेगळं सांगतात. एका चौरस मीटरमध्ये पाचाहून जास्त माणसं झाली की पाय आपल्या ताब्यात राहत नाहीत, गर्दी पाण्यासारखी हेलकावते, आणि माणसं बहुतेक वेळा पायदळी तुडवली जाऊन नव्हे तर उभ्या उभ्या छाती दबून श्वास कोंडल्याने मरतात. अशा वेळी शेजारचा अनोळखी माणूस हात देतो, लेकराला डोक्यावर धरतो, हेही पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मागचा माणूस क्रूर नसतो. त्याला पुढचं दिसत नसतं, आणि पुढून कुणी जिवाच्या आकांताने ‘थांबा’ म्हटलं तरी ते मागे पोचायला वाट नसते.

म्हणून त्या प्रकरणाचा विषय बदलला. भक्तीची लय त्यात अजून आहे, पण बरीचशी पानं एका साध्या गोष्टीवर गेली आहेत: पुढच्याचा शब्द मागच्यापर्यंत कसा न्यायचा. रुंदी, उतार, येण्याजाण्याच्या वेगळ्या वाटा, उंचावर उभा राहून पाहणारा माणूस, भोंगा. त्यात काव्य नाही.

प्रस्तावनेच्या शेवटी आभार मानायची रीत आहे. हस्तलिखित सहा मित्रांनी वाचलं; चार डिचोलीचे, दोन पेडण्याचे. सगळे माझे जवळचे, त्यामुळे काय म्हणतील याची मला कल्पना होती, आणि पाच जण तेच म्हणाले. सहावीने कार्यालयातल्या बैठकांवरच्या प्रकरणाच्या समासात, पहिल्याच पानावर, पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘नाका’. कारण दिलं नव्हतं. मी दोन दिवस रागात होतो, मग प्रकरण पुन्हा वाचलं आणि काढून टाकलं. बाकीच्या पाचांना फोन करून सांगितलं. त्यांतले तिघे म्हणाले, ते आम्हालाही जरा कंटाळवाणंच वाटलं होतं.